डावा डोळा शार्प, उजवा सॉफ्ट: स्टिरिओ लेन्सच्या फोकसविषयी वाचकांचे प्रश्न

स्टिरिओ फोटो म्हणजे डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी घेतलेली दोन चित्रं, एकत्र बघितली की त्यांत खोली दिसते. एकाच कॅमेऱ्यावर ही दोन्ही चित्रं टिपणारी दोन लेन्सची जोडी, ती जोडलेन्स. या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या वेषांत आली आहे. कॅमेऱ्यात हिरवी चौकट लागते, बीपही वाजतो, आणि घरी हेडसेटवर बघायला बसलं की एक डोळा धूसर. म्हणून हा स्तंभ सगळाच्या सगळा फोकसला दिला आहे.

प्रश्न: एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर ऑटोफोकस असलेली 7.8 मिमीची जोडलेन्स वापरतो. राजवाड्याचे फोटो काढले. डाव्या डोळ्याच्या प्रतिमेत झरोक्यांची जाळी स्पष्ट आहे, उजवीत तीच जाळी विरघळल्यासारखी. ऑटोफोकस बिघडला म्हणून कॅमेरा दुरुस्तीला द्यावा का?
(एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: इतक्यात नको. ऑटोफोकसने त्याला सांगितलेलं काम केलेलं आहे, फक्त तुम्ही त्याला अर्ध्या फ्रेमबद्दलच विचारलंत.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकसचं मोजमाप सेन्सरवरच होतं. लेन्सच्या एका कडेने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या कडेने आलेला प्रकाश वेगवेगळा टिपून कॅमेरा दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून बघतो. ती जितकी सरकलेली, तितका फोकस चुकलेला. आणि कोणत्या बाजूला सरकली यावरून लेन्स पुढे न्यायची की मागे, हेही कळतं. पण हे सगळं फोकसच्या चौकटीपुरतंच. जोडलेन्समध्ये सेन्सरच्या एका अर्ध्यावर एका लेन्सचं चित्र पडतं आणि दुसऱ्या अर्ध्यावर दुसरीचं. चौकट ज्या अर्ध्यात, त्याच लेन्सचं मोजमाप झालं. दुसरी लेन्स तिच्याबरोबर नुसती ओढली जाते, ती बरोबर जागी थांबली का हे कोणी तपासत नाही.

यात चूक किती चालते ते आकड्यांत बघा. 7.8 मिमीच्या लेन्सचा फोकस अनंतावरून 1 मीटरवर आणायचा तर लेन्स साधारण 0.06 मिमी पुढे सरकते, बस. एफ/4 ला (हा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), 0.004 मिमीचा ठिपका शार्प मानला, तर सेन्सरपाशी मोकळीक मिळते पुढे-मागे 0.016 मिमीची. म्हणजे दुसरी लेन्स 0.02 मिमीने मागे राहिली तरी तुमची जाळी विरघळते. ऑटोफोकस कितीही चपळ असला तरी हा फरक त्याच्या हातात नाही. म्हणून क्रम कायम असा ठेवा: आधी डावं-उजवं जुळवा, मग ऑटोफोकस वापरा, आणि फोकस लागला की तिथेच लॉक करा.

जुळवणीआधी कोणता अर्धा कोणत्या लेन्सचा ते पक्कं करा. यात भलेभले फसतात. प्रत्येक लेन्स आपलं चित्र उलटं पाडते, आणि कॅमेरा ते सरळ दाखवण्यासाठी अख्खी फ्रेम 180 अंशांत फिरवतो. त्यामुळे डाव्या लेन्सचं चित्र स्क्रीनवर उजव्या अर्ध्यात दिसतं. नंतर सॉफ्टवेअरमध्ये बाजू बदलल्या जातात. पत्रात तुम्ही म्हणता ती "उजवी" स्क्रीनवरची की हेडसेटमधली, यावर सगळं अवलंबून आहे. एका लेन्सवर बोट ठेवा, कोणता अर्धा काळा होतो ते बघा आणि चिठ्ठीवर लिहून लेन्सच्या पिशवीत टाका.

आता जुळवणी. भिंतीवर वर्तमानपत्राचं बारीक मजकुराचं पान चारही कोपरे ताणून चिकटवा. छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यात उत्तम. कॅमेरा ट्रायपॉडवर, पानापासून सव्वा ते दीड मीटरवर, भिंतीला समांतर. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काम करा. स्वस्त एलईडीच्या लुकलुकीने कधी कधी मोजमापही हलतं आणि मोठं केलेलं चित्रही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. एफ/8 ला जुळवायला बसलात तर चूक झाकली जाईल आणि रात्री एफ/4 ला वर येईल. फोकस मॅन्युअलवर घ्या आणि रिंग अगदी थोडी थोडी, एकाच दिशेने सरकवत आठ-दहा फोटो काढा. मध्येच दिशा बदलू नका, यंत्रणेत थोडी ढील असते आणि ती हिशेबात घुसते. मग कॉम्प्युटरवर दोन्ही अर्धे 100 टक्के मोठे करून बघा. डावीकडे चौथा फोटो सगळ्यात शार्प आणि उजवीकडे सहावा, असं निघालं तर फरक दोन पावलांचा. दोन्हीकडे तोच फोटो निघाला तर दोष दुसरीकडे शोधायचा.

फरक निघाला तर तो काढण्याची सोय बहुतेक जोडलेन्सवर असते. काहींवर बटण दाबून धरून रिंग फिरवली की एकच बाजू सरकते, काहींवर छोटा स्क्रू असतो. जी बाजू वेगळी सरकते तिला हात लावायच्या आधी दुसरी बाजू ऑटोफोकसने पानावर नेमकी बसवून घ्या, मग लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) पूर्ण मोठा करून उरलेली बाजू हाताने जुळवा. शेवटी लांबचं काही, समोरच्या इमारतीचा अँटेना चालेल, एकदा बघा. जवळ जुळतं आणि लांब जुळत नाही असं सहसा होत नाही. झालं तर दोन लेन्सचा प्रवास सारखा नाही, आणि ते घरी दुरुस्त होणारं काम नव्हे.

दुरुस्तीला द्यायची वेळ आणखी एका लक्षणाने कळते: एकाच अर्ध्यात डावी कड शार्प आणि उजवी सॉफ्ट, आणि फोकस हलवला की उलट. याचा अर्थ ती लेन्स तिरकी बसली आहे. अशी तिरकी लेन्स कितीही जुळवली तरी सरळ होत नाही.

प्रश्न: सराफ्यात रात्री याच प्रकारच्या लेन्सने शूट करताना फोकस सतत मागे-पुढे होतो. दिवे तर भरपूर असतात.
(एक वाचक, तिलकनगर, इंदूर)

उत्तर: दिवे भरपूर असतात, पण फोकसला लागतो तो उजेड-अंधारातला ठसठशीत काठ. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटून खाण्याची दुकानं लागली की समोर येतं काय? कढईवरची वाफ, तव्यावरचा धूर आणि दुधी प्रकाश. चौकट वाफेवर पडली की फोकस लागणारच नाही. ती नेहमी एखाद्या कडक काठावर ठेवा: स्टीलच्या परातीची कड, पाटीवरची अक्षरं, गराडूच्या तव्याचा दांडा.

त्यातही उभा काठ शोधा. सेन्सरवर फोकस मोजणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेल डाव्या-उजव्या अशा दोन भागांत विभागलेला असतो. त्यामुळे उभ्या रेषा त्याला चटकन सापडतात आणि आडव्या रेषांवर तो चाचपडतो. शटरच्या पट्ट्या, फळीच्या कडा, दुकानाचं आडवं छप्पर या सगळ्या अडचणीच्या जागा. साध्या फोटोत कॅमेरा उभा धरून मोकळं होता येतं. स्टिरिओत उभा फोटो काढता येत नाही, कारण दोन डोळे एकावर एक येतील. पण फोकस लॉक करण्यापुरता कॅमेरा 90 अंश फिरवायला कोणाची हरकत नाही. फिरवा, फोकस घ्या, लॉक करा, पुन्हा आडवा करून फोटो घ्या. यासाठी मागच्या बटणावर फोकस ठेवणं सोयीचं, म्हणजे शटर दाबताना तो पुन्हा शोध घेत नाही.

चौकट छोटी, एकच बिंदू. चेहरा ओळखण्याची सोय बंद. जोडलेन्समध्ये प्रत्येक माणूस दोनदा दिसतो आणि चौकट या अर्ध्यातून त्या अर्ध्यात उड्या मारत राहते.

खरं सांगायचं तर रात्रीच्या सराफ्यात आमचा कल ऑटोफोकस बंद ठेवण्याकडे आहे. 7.8 मिमीची लेन्स एफ/4 ला 3.8 मीटरवर लावली तर साधारण 1.9 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प येतं. एफ/5.6 ला हे अंतर 2.7 मीटर, जवळची हद्द 1.35. एफ/8 ला 1.9 मीटर, जवळची हद्द 95 सेंटिमीटर. हा हिशेब लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग, भागिले एफ-आकडा गुणिले 0.004 मिमी, असा आहे. तुमच्या लेन्सचा स्वतः काढून बघा. एफ/8 च्या पुढे जाऊ नका. तिथून प्रकाशाच्या विवर्तनामुळेच चित्र मऊ पडायला लागतं आणि दोष फोकसवर येतो. आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या दिव्यांच्या पट्ट्या पडणार नाहीत.

एक खाचखळगा आहे. मोटरने फोकस होणाऱ्या लेन्सची रिंग आतून जोडलेली नसते, ती फक्त मोटरला इशारा देते. कॅमेरा आपोआप झोपला किंवा बंद केला की काही बॉड्या फोकसची जागा विसरतात. आपोआप बंद होणं मेन्यूतून काढून टाका आणि कॅमेरा पुन्हा सुरू केल्यावर एक चाचणी फोटो मोठा करून बघा. रिंगवर टेप लावून इथे उपयोग नाही.

प्रश्न: 50 मिमीच्या नेहमीच्या लेन्सपुढे आरशांची स्टिरिओ जोडणी लावली आहे. मधल्या बिंदूवर फोकस लागतच नाही आणि लागला तर चुकतो.
(एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: मधला बिंदू सोडा. अशा जोडणीत फ्रेमच्या बरोबर मध्ये दोन चित्रांच्या हद्दीची एक धूसर पट्टी असते. त्या पट्टीत लेन्सच्या अर्ध्या भागातून एक चित्र येतं आणि उरलेल्या अर्ध्यातून दुसरं. कॅमेरा लेन्सच्या दोन कडांची तुलना करायला जातो आणि त्याला दोन वेगळीच दृश्यं मिळतात. तो चुकणार नाही तर काय होईल? बिंदू फ्रेमच्या रुंदीच्या पावभाग आत, डावीकडे किंवा उजवीकडे ठेवा. इथे डावं-उजवं जुळवण्याचा प्रश्न येत नाही, लेन्स एकच आहे. हा आरशांच्या जोडणीचा मोठाच फायदा.

अ‍ॅपर्चर बंद केलं की पट्टी अरुंद होते, म्हणून फोटो एफ/8 ते एफ/11 ला घ्या. पण फोकस घेताना कॅमेरा लेन्स उघडी ठेवत असेल तर तेव्हा पट्टी रुंदच असते, हे लक्षात असू द्या. फोकस जोडणी लावूनच घ्यायचा, काढून नव्हे. आरशांतून प्रकाशाची वाट काही सेंटिमीटरने लांबते, आणि विषय मीटरभरावर असेल तर तेवढ्याने फोकस हलतो.

आरसे काचेच्या मागे लेप दिलेले, म्हणजे घरातल्या आरशासारखे असतील तर काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही एक फिकट चित्र येतं. प्रत्येक काठ दुहेरी दिसतो आणि फोकस त्या दोघांमध्ये घुटमळतो. ओळखायचं कसं? पेन्सिलचं टोक आरशाला टेकवा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर आरशाचा लेप मागून आहे. पुढून लेप दिलेले आरसे बसवून घ्या, आणि ते कापडाने पुसू नका. फुंकणीने धूळ उडवा.

प्रश्न: कॅननची आरएफ 5.2 मिमी एफ/2.8 एल ड्युअल फिशआय भाड्याने घेणार आहोत. तिला ऑटोफोकस कसा सुरू करायचा?
(एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: होत नाही. 2021 साली आलेल्या या लेन्सला फोकसची मोटरच नाही. एकच रिंग दोन्ही लेन्स बरोबर हलवते, आणि डाव्या-उजव्याचा फरक काढायला वेगळी सोय आहे, ती षटकोनी चावीने फिरते. भाड्याने घेताना ती चावी डब्यात आहे का बघून घ्या. भाड्याच्या लेन्सची जुळवणी आधीच्या गिऱ्हाइकाने काय केली असेल सांगता येत नाही.

पीकिंगच्या, म्हणजे शार्प काठांवर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत रेषांवर भरवसा ठेवू नका. इतक्या छोट्या फोकल लांबीला जवळजवळ सगळंच पीकिंगला शार्प वाटतं आणि अख्खी स्क्रीन लाल होते. चित्र मोठं करून बघा. 0.005 मिमीचा ठिपका धरला तर एफ/2.8 ला रिंग सुमारे 1.9 मीटरवर ठेवून 1 मीटरपासून पुढचं सगळं येतं, एफ/5.6 ला 1 मीटरवर ठेवून अर्ध्या मीटरपासून. लेन्सचा जवळचा फोकस 20 सेंटिमीटरपर्यंत जातो, पण दोन लेन्समधलं अंतर 60 मिमी असल्यामुळे इतकं जवळ कोणी आलं तर बघणाऱ्याचे डोळे दुखतील. जवळचा विषय लेन्समधल्या अंतराच्या 30 पट लांब असावा, हा जुना ठोकताळा इथे 1.8 मीटर सांगतो.

प्रश्न: दोन सारखे कॅमेरे एका पट्टीवर लावून छत्र्यांचे (समाधीवरच्या स्मारकांचे) स्टिरिओ फोटो घेतो. दोन्हींचा ऑटोफोकस चालू असतो, दोन्ही फोटो शार्प येतात, तरी एकत्र बघताना डोक्याला ताण येतो.
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: दोघं शार्प आहेत, पण एकाच अंतरावर शार्प नाहीत. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो. अख्खी लेन्स पुढे सरकून फोकस होणारी 50 मिमीची लेन्स धरा. एका कॅमेऱ्याने 1 मीटरवर फोकस घेतला आणि दुसऱ्याने 1.1 मीटरवर, तर दोन चित्रांच्या आकारात साधारण अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. 6000 गुणिले 4000 पिक्सेलच्या फोटोत वरच्या-खालच्या कडेला तो सुमारे 10 पिक्सेल होतो. आडवा फरक डोळे सहन करतात, त्यातूनच तर खोली दिसते. उभ्या फरकाला मात्र डोळ्यांकडे स्नायूंची सवयच नाही. ताण तिथून येतो. छत्र्या लांब असल्या तरी फ्रेममध्ये पुढे खांब किंवा कठडा असेल तर एक कॅमेरा कठड्यावर आणि दुसरा शिखरावर फोकस घेऊन बसतो.

दोन ऑटोफोकस एकत्र चालवायचे नाहीत. एका कॅमेऱ्याने फोकस घ्या, मग दोन्ही मॅन्युअलवर टाका आणि दुसऱ्याचा फोकस त्याच बिंदूवर, चित्र मोठं करून, हाताने लावा. अंतराचे आकडे दोन लेन्सवर सारखे दिसतात म्हणून ते जुळले असं समजू नका. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो, तिथे दोन्ही बॉड्यांचं एएफ फाइन-ट्यून (ऑटोफोकसची बारीक जुळवणी) आधी वेगवेगळं करून घ्यावं लागतं. मिररलेसमध्ये सहसा त्याची गरज नाही. बॉड्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी दोन लेन्समध्ये 13-14 सेंटिमीटर अंतर राहतंच, म्हणून पुढचा कठडा 4 मीटरच्या आत घेऊ नका.

प्रश्न: रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) सततचा ऑटोफोकस ठेवावा का? आणि मे महिन्यात दुपारी फोकस बदलतो असं वाटतं, तो भास आहे का?
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: गेरमध्ये सततचा ऑटोफोकस नको. गुलालाचा ढग मध्ये आला की तो ढगावर फोकस घ्यायला धावतो, आणि व्हिडिओत दोन्ही डोळ्यांचं चित्र श्वास घेतल्यासारखं फुगतं-आकसतं. हेडसेटमध्ये हे फार त्रासदायक. वरच्या हिशेबाने अंतर ठरवा आणि लॉक करा. दर थोड्या वेळाने दोन्ही लेन्स बघा. एका लेन्सवर रंगाचा थर बसला आणि फोकसची चौकट त्याच अर्ध्यात असेल तर फोकस घुटमळतो. दुसरी लेन्स स्वच्छ असते म्हणून कारण लक्षात येत नाही. कोरडा गुलाल आधी फुंकणीने उडवा, मगच कापड. नाहीतर काचेवर चरे. फुगीर फिशआयवर पुढून फिल्टर लागत नाही, तेव्हा प्लास्टिकचं आवरण आणि मधूनमधून झाकण, याला पर्याय नाही.

उन्हाचा भास नाही. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं. 50 मिमीचं नळकांडं एसीच्या खोलीतून 20 अंश जास्त उन्हात गेलं तर 0.023 मिमीने लांबतं, आणि वर आपण मोकळीक पाहिली ती 0.016 ची. काचही बदलते, त्यामुळे काही परिणाम एकमेकांना खोडून काढतात, सगळा नाही. दोन्ही बाजू सारख्या तापल्या तर ऑटोफोकस ते सांभाळून घेतो. अडचण येते ती एकाच लेन्सवर ऊन पडलं की. कॅमेरा बॅगेतून काढून सावलीत अर्धा तास राहू द्या, वर पांढरं कापड टाका, आणि डाव्या-उजव्याची तपासणी तिथेच करा, घरी नव्हे.

प्रश्न: घरात आजोबांचा स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा निघाला. लेन्स हलताना दिसत नाही, मग फोकस होतो कसा? जाम झाला आहे का?
(एक वाचक, मांडवी, वडोदरा)

उत्तर: जाम झालेला नाही. 1947 साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्यात लेन्स जागच्या जागी राहतात आणि फोकसचं चाक फिल्मच मागे-पुढे करतं. दोन्ही चित्रं एकाच रुळावर सरकतात, त्यामुळे डावं-उजवं आपोआप जुळलेलं राहतं. तपासायचं तर फिल्म न घालता मागचं झाकण उघडा, दोन्ही खिडक्यांवर फिल्मच्या रुळांवर दुधी टेप ताणून लावा. शटर ताणून घ्या. या कॅमेऱ्यात तो वेगळा ओढावा लागतो. मग शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) ठेवून बटण दाबून धरा, लेन्स पूर्ण उघडी. लांबच्या खांबावर रेंजफाइंडर (अंतर मोजायची खिडकी) जुळवा आणि टेपवरची दोन्ही चित्रं भिंगातून बघा. दोन्ही सारखीच धूसर असतील तर रेंजफाइंडर हललेला आहे. एकच धूसर असेल तर ती लेन्स कधीतरी खोलून चुकीची बसवलेली आहे.